पत्र्याचे शंभर बिल्ले

रिसीव्हर कानाला लावायचा असतो हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. आमच्या मिस्त्रींना ते मान्य नव्हतं. ते रिसीव्हर कानामागच्या हाडावर दाबायचे, डोळे मिटायचे आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. “थांबा. लाइन काय म्हंते ते पाहू.”

लाइन काय म्हणते ते त्यांना कळायचंच. तार कुठे झाडाला घासते, कुठल्या खांबावरची चिनी मातीची वाटी फुटली आहे, हे ते बसल्या जागी सांगत. लाइनमन देविदास सायकल काढून जायचा आणि येऊन म्हणायचा, “बाप्पा, खरंच!” मग देविदासही रिसीव्हर हाडावर दाबायला लागला. त्याला काही ऐकू यायचं नाही, पण मिस्त्री करतात म्हणून हा करायचा. मी हसायचे. माझी जीभ तेव्हाही लांबच होती.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. आमच्या तालुक्याच्या गावात शंभरेक टेलिफोन होते आणि ते सगळे एका खोलीतल्या लाकडी बोर्डावर यायचे. मी डोणगावची, मॅट्रिक झालेली, तात्पुरती ऑपरेटर. तात्पुरती म्हणजे साहेबांच्या मनात आलं की उद्यापासून घरी. मला प्लग धरायला मिस्त्रींनीच शिकवलं. रागावणं त्यांना जमायचं नाही. चुकलं की म्हणायचे, “होते बाई, होते. आता पुन्यांदा चुका म्हंजे ध्यानात राहीन.” असा शिक्षक तुमच्याही वाट्याला आला असेल तर तुम्ही नशीबवान.

त्या उन्हाळ्यात नवा बोर्ड आला. जुन्या बोर्डापुढे एकच खुर्ची होती, याच्यापुढे तीन. गावातला प्रत्येक टेलिफोन तिन्ही खुर्च्यांसमोर दिलेला. म्हणजे कापसाच्या अडत्याचा सतरा नंबर, त्याचं एक भोक माझ्यासमोर, एक मिस्त्रींसमोर, एक देविदाससमोर. तिन्ही भोकांमागे तार मात्र एकच.

साहेब पुण्याकडचे, नवेच बदलून आलेले. त्यांनी फर्मान काढलं की शंभरही नंबर तिन्ही खुर्च्यांवरून तपासायचे, तिघांनी एकाच वेळी बसून, आठ दिवसांत. प्लग खुपसायचा, घंटी द्यायची, पलीकडचा बोलला की कागदावर ‘ठीक’ लिहायचं, नाही बोलला तर ‘मुकी’. मुकी लाइन असेल तिकडे दुपारी देविदासनं सायकलवरून जायचं.

ऐकायला सोपं आहे. पण मी सतरावर अडत्याशी बोलते आहे आणि तेवढ्यात मिस्त्रींनी त्यांच्या समोरच्या सतरात प्लग घातला, की झालं! घंटी मध्येच कण्हायची, अडत्या माझ्याशी बोलतोय की त्यांच्याशी हे त्यालाच कळायचं नाही, तो वैतागून फोन ठेवायचा, आणि आम्ही दोघंही इमानदारीत लिहायचो, मुकी. लाइन बिचारी धडधाकट.

यावर उपाय होता, आणि तो मिस्त्रींनीच मला शिकवला होता. प्लग घालण्याआधी त्याचं टोक भोकाच्या कडेला नुसतं टेकवायचं. आत कोणी असेल तर कानात ‘टक’ असा बारीक आवाज येतो. टक आलं की सोडून द्यायचं, पुढचा नंबर घ्यायचा. देविदास घाईत ते विसरायचा, मीही कधी कधी विसरायचे. मिस्त्री मात्र दरवेळी न चुकता टेकवायचे. टेकवायचे आणि तरीही आमच्या लाइनीत घुसायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोरच्या पोस्टात पाठवलं. तिथला टेलिफोन वाजला की मी बोलायचं. वाजला. मी म्हटलं, “मिस्त्री, मी बोलते. स्वच्छ ऐकू येतं तुमचं.” ते म्हणाले, “हॅलो. हॅलो, बोला ना.” मी पुन्हा बोलले, ओरडून बोलले. पोस्टातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. रस्ता लहानसा होता आणि दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या होत्या. मिस्त्रींनी रिसीव्हर हाडावर दाबला, मग दुसऱ्या हाडावर दाबला, मग खाली ठेवला आणि कागदावर काही लिहिलं. ते खिडकीतून मला दिसलं.

परत येऊन पाहिलं तर ‘मुकी’.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. देविदास खाली पाणी भरायला गेला होता.

“किती दिवस झाले?” मी विचारलं. हळू विचारलं, तरी माझे ओठ पाहून त्यांना कळलं.

“अमडापूरच्या लाइनीवर वीज पडली होती ना, तवापासून. मी बोर्डावर होतो. हा कान तं तवाच गेला. दुसरा हळूहळू जाऊन राह्यला, कधी ऐकू येते, कधी नाई.” मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस! “बाई, कोनाले सांगू नका. डाक्टरनं लिवलं का मी घरी. दोन पोरी हायेत. आन मले दुसरं काई येत नाई हो. शेती भावानं घेतली, म्या तारा घेतल्या.”

मी म्हटलं, “हात काऊन जोडता? खाली करा आधी.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाच राग आला.

त्या दिवसापासून मी एक उद्योग सुरू केला. रोज चार वाजता साहेब कागद घेऊन बसायचे. “ही बावीस नंबर मुकी कशी? मी स्वतः सकाळी त्यावर बोललो.” की मी पुढे व्हायचे. “साहेब, माझा प्लग होता त्यात. टक न ऐकता घातला.” छत्तीस? माझाच. एकावन्न? तोही माझाच. खोटंही पूर्ण नव्हतं म्हणा, गोंधळ खरोखरच एवढा होता की कोण कोणाच्या लाइनीत शिरलं हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं. त्या गोंधळात मिस्त्री लपून जायचे. मला तर वाटायला लागलं, हा गोंधळ असाच राहू दे रे बाबा, बोर्ड पास होईपर्यंत राहू दे.

मिस्त्री त्या वेळी मान खाली घालून पक्कड पुसत बसायचे.

“अहो बाई,” साहेब म्हणाले, “आपल्याला हे काम जमत नसेल तर तसं सांगा. मॅट्रिक झालेल्या मुली पुष्कळ आहेत.”

“जमते साहेब.”

“जमते नाही, जमतं.”

मी जीभ चावली. एरवी मी सोडलं नसतं.

पण आपल्या या उपकाराचा भार कोणाच्या पायावर पडतो, याचा मी विचारच केला नव्हता. तो पडत होता देविदासच्या. वैशाखाचं ऊन, आमच्याकडचं. मुकी लिहिलेल्या प्रत्येक लाइनीमागे तो सायकल मारायचा, खांबावर चढायचा, उतरायचा, आणि लाइन ठणठणीत! अमडापूरच्या नंबराला मिस्त्रींनी दोन दिवस लागोपाठ मुकी लिहिलं. देविदास दोन दिवस लागोपाठ गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा सायकल भिंतीला न लावता नुसती सोडून दिली आणि ओट्यावर आडवा झाला. अंग तव्यासारखं तापलेलं. बडबडत होता, “लाइन चांगली हाय बे… म्या पाह्यली… चांगली हाय…”

मी कांदा ठेचून तळपायाला चोळला. मिस्त्री पंचा ओला करून त्याच्या कपाळावर ठेवत होते. देविदासला उलटी झाली, मग जरा शुद्ध आली. त्यानं मिस्त्रींना विचारलं, “मिस्त्री, मले समजून नाई राह्यलं. चांगली लाइन मुकी कशी लागते?”

मिस्त्रींनी ते ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. मीच म्हटलं, “आमची गडबड होते. दोघं दोघं शिरतो.”

“तं नका ना शिरू,” देविदास म्हणाला आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पिशवी घेऊन आले. पिशवीत पत्र्याचे शंभर बिल्ले होते. घासलेटचे रिकामे डबे कापून केलेले, कडा घासून गुळगुळीत, प्रत्येकाला वर भोक. त्यावर पांढऱ्या रंगानं आकडे, काही सुबक तर काही वाकडे, कारण ते त्यांच्या दोन्ही पोरींनी मिळून काढले होते. सोबत एक फळी, तिच्यावर शंभर खिळे. त्यांनी ती भिंतीवर ठोकली, बिल्ले टांगले आणि साहेबांना बोलावून आणलं.

“साहेब, जलंबहून खामगावले गाडी निघते, तवा ड्रायव्हरच्या हातात गोळा देतात. गोळा एकच असते. ज्याच्याजौळ गोळा, त्याचीच लाइन. दुसरी गाडी उभी राह्यते. आपुन तसंच करू. सतरा तपासाचा हाय? मंग सतराचा बिल्ला काढून आपल्यापुढे ठिवा. खिळा रिकामा दिसला म्हंजे आत कोनीतरी हाय, तुमी दुसरा नंबर घ्या. कोनाले कोनता नंबर हे ठरवाचंच नाई. खिळ्यावर असन तो बिल्ला घ्याचा आन काम झालं का टांगून द्याचा.”

साहेब बिल्ल्यांकडे बघत राहिले. “आणि ते टक?”

“टक ऐकाची गरजच नाई,” मिस्त्री म्हणाले. “डोयानं दिसते.”

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या! डोळ्यांनी दिसते! म्हणजे आता त्यांच्या कानाला कोण विचारतो? केवढं डोकं या माणसाचं! मी साहेबांच्या मागे उभी राहून मिस्त्रींना डोळ्यांनीच शाबासकी दिली. त्यांनी पाहिलं नाही. ते कागदावर पट्टीनं एक उभी रेघ मारत होते.

“आन साहेब, हा आनखी एक रकाना. प्रत्येक नंबरापुढे लिवाचं, कोनं तपासली. ज्याचं त्यानं नाव लिवाचं.”

“उत्तम,” साहेब म्हणाले.

तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मॅट्रिक झालेली मी!

त्या दिवशी पहिल्यांदा बोर्ड शांत चालला. कोणी कोणाच्या लाइनीत शिरलं नाही. देविदास घरी पडून होता, त्याच्या जागी साहेब स्वतः बसले, तेही निमूटपणे उठून बिल्ला काढायचे आणि टांगायचे. एकदा त्यांनी आणि मी एकाच बिल्ल्याला हात घातला तर ते चक्क म्हणाले, “घ्या, आपण घ्या.” मी छत्तीसवर बोलले, एकावन्नवर बोलले, कापूस तोलणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “तपासून राह्यल्या तं काय बोलू?” मी म्हटलं, “काहीही बोला.” त्यानं मला पाऊस कधी पडेल ते विचारलं. असं सगळं छान चाललं होतं.

चार वाजता साहेबांनी कागद समोर घेतले. त्यांच्या कागदावर एक मुकी. माझ्या कागदावर तीच एक. मिस्त्रींच्या कागदावर एकोणीस.

खोलीत पंखा फिरत होता. मी तोंड उघडलं, “साहेब, माझा प्लग…” आणि थांबले. माझा प्लग कुठून असणार? बिल्ला त्यांच्याकडे होता. त्यांच्या लाइनीत दुसरं कोणीच नव्हतं.

“खुर्चीत दोष असेल,” साहेब म्हणाले. खरं सांगते, त्यांनाही तेच हवं होतं. ते वाईट माणूस नव्हते. “मिस्त्री, उद्या तुम्ही बाईंच्या खुर्चीवर बसा. बाई तुमच्या.”

रात्रभर मी कुठल्या कुठल्या देवांना विनवलं. आमच्या घरात देव उरले नव्हते, आम्ही बौद्ध झालो तेव्हा माझ्या वडिलांनी ते उतरवून ठेवले होते. तरी मी विनवलं. त्या खुर्चीत दोष निघू दे. तार तुटू दे. उंदीर लागू दे.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींच्या खुर्चीवर बसले. ती एक खरी मुकी लाइन सोडली तर बाकीचे सगळे नंबर माझ्या कानात खणखणीत बोलले. मी एकेकापुढे ‘ठीक’ लिहीत गेले. एकदा मनात आलं, खोटं लिहावं. लिहू पाच-सहा मुकी. मग ओट्यावर पडलेला देविदास आठवला आणि मी खरं लिहिलं. शेजारी माझ्या खुर्चीवर मिस्त्री एकेक बिल्ला काढत होते, घंटी देत होते, डोळे मिटून थांबत होते, आणि लिहीत होते. मी त्यांच्या कागदाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

साहेबांनी चार वाजता दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग मिस्त्रींच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मिस्त्री.” नेहमीच्या आवाजात. मग जरा मोठ्यानं, “मिस्त्री!”

मिस्त्री बिल्ले ओळीनं लावत होते. सत्तावीसचा बिल्ला त्यांनी बोटानं सरळ केला.

साहेब खाली मान घालून बाहेर गेले.

मी मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिले. “तुमाले माहीत होतं,” मी म्हटलं, एकेक शब्द तोडून, त्यांना वाचता यावा म्हणून. “बिल्ले केले तवाच माहीत होतं. रकाना तं तुमीच पाडला. काऊन केलं असं?”

“हाव,” ते म्हणाले. “माहीत होतं.”

“मंग सरळ सांगून द्याचं होतं!”

“तोंडानं सांगता आलं नसतं, बाई. धा येळा साहेबाच्या दारात गेलो आन वापस आलो. पोरी दिसे डोयापुढे.” त्यांनी पिशवीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. “पन तुमी रोज माह्यासाठी बोलनं खात होत्या. तो पोरगा उन्हात मरता मरता वाचला. म्हनलं, आपल्या तोंडून निंगत नाई तं कागदावरून निंगू दे.”

मी तिथेच ढसाढसा रडले. ते गोंधळून मला पाण्याचा पेला देत होते आणि म्हणत होते, “होते बाई, होते.”

पुढचं लवकर आटोपलं. बुलढाण्याला डॉक्टरांनी तपासलं, अपात्र म्हणून लिहिलं. मी आणि देविदास साहेबांकडे गेलो. देविदास म्हणाला, “साहेब, मले तरास झाला, मीच सांगून राह्यलो का त्यायले ठिवा. कुठी बी ठिवा.” साहेबांनी खरंच वर लिहिलं, चौकीदाराची जागा द्या म्हणून. उत्तर आलं, जागा नाही. बोर्ड मात्र मुदतीत पास झाला. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना बिल्ले फार आवडले. त्यांनी विचारलं, कल्पना कोणाची? आमचे साहेब म्हणाले, “आमच्या मिस्त्रींची.” मोठे साहेब म्हणाले, “बोलवा त्यांना.”

मिस्त्री पोरींना घेऊन खामगावला गेले. कोणीतरी त्यांना कापसाच्या जिनिंगमध्ये लावून दिलं, यंत्रांना तेलपाणी करायला. मी जाईन जाईन म्हणत गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते? मी नोकरीत कायम झाले होते.

दीडेक वर्ष झालं असेल. कापसाचे दिवस, भर दुपार. खामगावचा कॉल आला. तिकडची ऑपरेटर हसत म्हणाली, “एक जण आहेत जिनिंगमधून. नंबर कोणताच मागत नाहीत. बोर्डावरच द्या म्हणतात.”

“हॅलो,” मी म्हटलं.

पलीकडे यंत्रांचा धडधडाट होता. आणि त्याच्यावर चढवलेला तो आवाज.

“बाई, मी बोलून राह्यलो. तिकडे तुमी हायेत का दुसरं कोनी हाय, मले समजत नाई. तुमी असान तं ऐका.”

“मिस्त्री, मीच! मीच आहे!”

“मोठी पोरगी सातवी पास झाली. लहानी बी शायेत जाते. माह्यं बरं चालू हाय. इथं यंत्रापायी कोनालेच ऐकू येत नाई, सारे हातानं बोलतात. मी त्यायच्यात सर्व्यात हुशार!” ते हसले. “देविदास भेटला होता. तुमी परमनंट झाल्या म्हने. लय बरं वाटलं. मॅनिजरले म्हनलं, एक फोन करू द्या. तो म्हने, तुले काय ऐकू येनार हाय? म्हनलं, मले बोलाचं हाय.”

“मिस्त्री…”

“आता माह्यं झालं. आता तुमी बोला. मले ऐकू येनार नाई, पन तुमी बोला. मी धरून ठिवतो.”

यंत्रं तेवढी चालू होती.

मी बोलले. मनात इतके दिवस साचलेलं सगळं बोलले. मी आले नाही त्याबद्दल बोलले, त्या एकोणीस नंबरांबद्दल बोलले, रोज बोर्डावर बसताना काय वाटतं ते बोलले. बोर्डावर दोन नंबरांवरची बारीक शटरं पडली, म्हणजे लोक नंबर मागत होते, मी पाहिलंसुद्धा नाही. मध्येच मला रडू आलं आणि मी थांबले.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, “नाही झालं.”

त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला.